सॉरॉनने त्या दारावर पहारा का ठेवला नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला सॉरॉन हजारो वर्षं डाव रचणारा, कपटात मुरलेला. त्याची बहुतेक शक्ती ज्या अंगठीत आहे, ती फक्त एका ठिकाणच्या, एका धगधगत्या डोंगराच्या आगीत नष्ट होऊ शकते. ते ठिकाण त्याच्याच राज्यात आहे, त्याच्या मनोऱ्यापासून तिथवर थेट रस्ता आहे, आणि तरी तिथल्या दारावर एकही पहारेकरी नाही. मग सॉरॉन मूर्ख होता, की लेखकाने गोष्ट पुढे सरकावी म्हणून डोळेझाक केली? आणि या सगळ्यातून त्याला नेमकं हवं तरी काय होतं?

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. 'त्याला काय हवं होतं' हा हेतूचा प्रश्न. 'तो काय खरं मानत होता' हा समजुतीचा प्रश्न. बहुतेक चर्चा इथेच घसरतात, कारण हेतू वाईट दिसला की समजूतही बावळट असणार असं आपण धरून चालतो. माझं मत आधीच सांगतो: सॉरॉन मूर्ख नव्हता. त्याचा हिशेब जवळजवळ बरोबर होता. तो एकाच ठिकाणी चुकला, आणि तिथे का चुकला याचं उत्तर त्याच्या हेतूत सापडतं.

अर्थात असं वाचन कितपत चालेल हे पुस्तकावर अवलंबून आहे. काही कादंबऱ्यांत खलनायकाच्या डोळ्यांनी लिहिलेली प्रकरणं असतात; तिथे त्याची समजूत शोधावी लागत नाही, तो स्वतःला फसवतोय का एवढंच पाहायचं. काही कथांत खलनायक माणूस नसतोच, तो दुष्काळासारखा किंवा साथीसारखा येतो. त्याला 'हेतू' चिकटवणं म्हणजे लेखकाने न मांडलेला प्रश्न सोडवत बसणं. सॉरॉन या दोन्हींच्या मध्ये आहे. तो जवळजवळ कधीच समोर येत नाही, पण तो विचार करतो, चुकतो आणि घाबरतो याचा पुरावा पुस्तकभर विखुरलेला आहे. म्हणून तो या कामासाठी उत्तम आहे.

माझी पद्धत रुक्ष आहे. एक निर्णय निवडायचा, पूर्ण पात्र नाही. त्या निर्णयासाठी एक तक्ता करायचा: तारीख, खलनायकाला काय कळलं, कुणाकडून कळलं, त्यावरून त्याने काय मानलं, आणि मग काय केलं. वाचक म्हणून आपल्याला जे माहीत आहे ते या तक्त्यात येऊ द्यायचं नाही. सगळ्यात कठीण हेच. आपण अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोबरोबर चाललेलो असतो, त्यामुळे अंगठी कुठे आहे हे विसरताच येत नाही, आणि 'एवढं साधं त्याला कसं दिसलं नाही' असं वाटायला लागतं.

लेखक टोल्कीनने तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टात तारीखवार कालपट दिला आहे, त्यामुळे हा तक्ता नेमका भरता येतो.

सॉरॉनच्या हाती पहिली माहिती आली ती पकडलेल्या गॉलमकडून, म्हणजे पूर्वी अंगठी बाळगणाऱ्या प्राण्याकडून. अंगठी नष्ट झालेली नाही, ती सापडली आहे, आणि 'शायर' (हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांचा प्रदेश) व 'बॅगिन्स' (फ्रोडोचं आडनाव) हे दोन शब्द. कथेतल्या कालगणनेनुसार सप्टेंबर ३०१८ मध्ये त्याचे काळे स्वार शायरमध्ये पोचतात. म्हणजे इथवर त्याचा तपास अचूक आहे. अंगठी एका हॉबिटकडे आहे हे त्याला ठाऊक आहे.

५ मार्च ३०१९ च्या रात्री पिपिन हा दुसरा हॉबिट ऑर्थँकच्या, म्हणजे फितूर जादूगार सारुमानच्या मनोऱ्यातून आलेल्या, पाहण्याच्या दगडात, म्हणजे पॅलान्टिरमध्ये डोकावतो. सॉरॉनला एक हॉबिट दिसतो, तोही सारुमानच्या दगडातून. त्याने काय मानावं? हॉबिट ऑर्थँकमध्ये कैद आहे. तो पिपिनकरवी सारुमानला निरोपही देतो की हा घास तुझ्यासाठी नाही, मी लगेच माणूस पाठवतो. दुसऱ्याच दिवशी, ६ मार्चला, त्याच दगडात अ‍ॅरागॉर्न स्वतः समोर येतो आणि पुन्हा घडवलेली तलवार दाखवतो. हीच तलवार, तुटलेल्या रूपात, जुन्या काळच्या इसिल्दुर राजाने सॉरॉनचं अंगठीचं बोट कापायला वापरली होती. आता सॉरॉनच्या जागी बसून बघा. काल या दगडापाशी हॉबिट होता, आज इसिल्दुरचा वारस आहे आणि तो तोंडावर आव्हान देतोय. अंगठी हॉबिटकडून सारुमानकडे न जाता या माणसाच्या हाती पडली, याहून सरळ अर्थ निघतच नाही.

१७ मार्चला त्याच्याकडे मिथ्रिलचा अंगरखा, एल्फांचा झगा आणि जुन्या न्यूमेनोरी बनावटीची लहान तलवार येते. किरिथ उंगोलच्या वाटेने एक बुटका माणूस मॉर्डॉरमध्ये, म्हणजे सॉरॉनच्या राज्यात, शिरला होता याचा हा ढळढळीत पुरावा. प्रश्न विचारणारे बहुतेक जण इथे कपाळावर हात मारतात. पण तक्त्यातला क्रम पाहा. त्याच्या हिशेबात अंगठी अकरा दिवसांपूर्वीच अ‍ॅरागॉर्नकडे गेलेली आहे. त्यामुळे हा बुटका म्हणजे हेर, एवढंच. काळ्या दारापाशी, म्हणजे मॉर्डॉरच्या मुख्य वेशीपाशी, त्याचा दूत याच वस्तू दाखवून सौदा करायला जातो, आणि बोलतो तो हेराबद्दलच. हीच बातमी ४ मार्चला आली असती तर? तर त्याने मॉर्डॉरमधलं गॉर्गोरॉथचं पठार चाळून काढलं असतं, असं मला वाटतं. समजूत एकदा बसली की नंतरचा पुरावा तिच्याच कप्प्यात जाऊन पडतो. कथेचा बराचसा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे, आणि टोल्कीनने तारखा इतक्या काटेकोर का ठेवल्या याचंही हेच कारण असावं.

मग उरते अ‍ॅरागॉर्न आणि जादूगार गॅन्डाल्फ यांची काळ्या दारावरची चढाई, सॉरॉनचं लक्ष फ्रोडोवरून हटवण्यासाठी केलेली. निघताना सुमारे सात हजारांची फौज, काही जण वाटेतून वळवल्यावर सहा हजारांच्याही आत. एवढ्या फौजेने मॉर्डॉर घेता येत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. पण सॉरॉनला हा मूर्खपणा अपेक्षितच होता. अंगठी नुकतीच हाती पडलेला माणूस गर्वाने फुगतो, ती नीट वापरता येण्याआधीच धाव घेतो, असं तो मानतो. गॅन्डाल्फ नेमका याच समजुतीचा सापळा लावतो. तो सॉरॉनपासून सत्य लपवत नाही. सॉरॉनला जे आधीच खरं वाटतंय त्याला पूरक असं दृश्य उभं करतो. पाचव्या भागाचं नववं प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचा. ती युद्धाची मसलत आहे, तशीच ती शत्रूच्या डोक्यात काय चाललंय याची फोडही आहे.

आता दाराचा प्रश्न. अंगठीचं काय करायचं हे ठरवणाऱ्या, एल्फांचा प्रमुख एल्रॉन्ड याच्या सभेत गॅन्डाल्फ सांगतो की सॉरॉनकडे माप एकच आहे, सत्तेच्या हव्यासाचं. त्याच मापाने तो सगळ्यांची मनं मोजतो, म्हणून अंगठी हाती असताना कुणी ती नष्ट करू पाहील हे त्याच्या मनाला शिवणार नाही. सगळे इथे थांबतात आणि 'अहंकार' असा शिक्का मारून मोकळे होतात. पण पुढे काय घडतं ते बघा. २५ मार्चला फ्रोडो आगीच्या कड्यावर उभा राहतो आणि अंगठी टाकत नाही, ती आपली म्हणतो. गॉलमने बोट तोडलं नसतं आणि तोल गेला नसता, तर अंगठी राहिली असती. लेखकाने १९६३ च्या एका पत्राच्या मसुद्यात स्वच्छ म्हटलंय की त्या शेवटच्या क्षणी, त्या जागी, कुणाचीच इच्छाशक्ती पुरली नसती आणि फ्रोडोचं ते नैतिक अपयश नव्हे. म्हणजे 'अंगठी कुणी स्वखुशीने टाकू शकणार नाही' ही सॉरॉनची समजूत खरी ठरते! चुकतं ते एवढंच की कुणी तसा प्रयत्न करायला निघेल हे त्याला सुचत नाही. शिवाय दया नावाची गोष्ट त्याच्या हिशेबात नाही. गॉलम त्या कड्यापर्यंत पोचला तो आधी अंगठी बाळगणारा बिल्बो, मग फ्रोडो आणि शेवटी त्याचा सोबती सॅम यांनी त्याला जिवंत सोडलं म्हणून.

राहिला पहाऱ्याचा मुद्दा. मॉर्डॉरला पहारा नव्हता असं नाही. काळं दार होतं, मिनास मॉर्गुलचं तटबंदीचं शहर होतं, किरिथ उंगोलचा बुरूज होता आणि खालच्या बोगद्यात शेलोब नावाची राक्षसी कोळीण होती. नव्हता तो फक्त शेवटच्या दारावरचा पहारा. मला आणखी एक कारण संभवनीय वाटतं, पण ते माझं अनुमान आहे, पुस्तकात ते नाही: तिथे पहारेकरी बसवायचा तर तो कशासाठी हे कुणाला तरी सांगावं लागतं, आणि 'इथे मला मारता येतं' असं सांगण्याइतका विश्वास त्या दरबारात कुणावरच नाही.

एक गाठ मात्र प्रामाणिकपणे समोर ठेवली पाहिजे, कारण चाणाक्ष वाचक ती काढतोच. पहिल्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात तोच गॅन्डाल्फ फ्रोडोला सांगतो की सॉरॉन पूर्वी अंगठी नष्ट झाली असं मानत होता, एल्फांनी ती नष्ट केली असं. मग 'नष्ट करणं त्याला सुचूच शकत नाही' याचं काय? १९५१ च्या सुमारास प्रकाशक मिल्टन वॉल्डमन यांना लिहिलेल्या लांबलचक पत्रात तर टोल्कीन म्हणतो की अंगठी नष्ट होण्याचा विचार सॉरॉनने कधी केलाच नाही. दोन विधानं उघडच एकमेकांना धक्का देतात. लेखक विसरला म्हणून सोडून देणं सोपं आहे. मी आधी विधानातला काळ बघतो. पहिली समजूत जुनी आहे, अंगठी हरवलेली असतानाची. नंतर त्याला कळतं की ती शाबूत आहे. म्हणजे इसिल्दुर त्याच डोंगराच्या पायथ्याशी, विजयाच्या दिवशी, एल्रॉन्ड आणि दुसरा एल्फ कीर्डान शेजारी उभे राहून सांगत असतानाही ती आगीत टाकू शकला नाही. 'हे कुणालाच जमत नाही' असं मानायला याहून भक्कम पुरावा कोणता? मला पटणारा अर्थ असा: जुनी शंका त्याच्या मनात होती, नव्या पुराव्याने ती मिटवली. पत्रातलं 'कधीच नाही' मात्र या अर्थात पूर्ण बसत नाही, आणि ते बसतं असं मी भासवणार नाही.

इथेच पुराव्याच्या वजनाचं बोलून घेतो. निवेदक थेट सांगतो ते सर्वांत वजनदार. सॉरॉनबाबत असा थेट प्रवेश सहाव्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात आहे: फ्रोडो अंगठी घालतो त्या क्षणी सॉरॉनला स्वतःची चूक लख्ख दिसते आणि तो हादरतो. त्यानंतर पात्रांची विधानं. ती कोण, कुणाला, कशासाठी सांगतोय यावर तोलायची. गॅन्डाल्फ शहाणा असला तरी सॉरॉनचा शत्रू आहे, आणि सभेत तो लोकांना एका वेड्या साहसासाठी तयार करतोय. त्यानंतर लेखकाची पत्रं. सर्वांत शेवटी त्याने न छापलेली टिपणं, कारण त्यातलं मत तो पुढे बदललाही असता. चित्रपटांचा पुरावा वेगळ्या तक्त्यात ठेवा. मनोऱ्यावरचा तो जळता डोळा बघून पुस्तकातल्या सॉरॉनला काय दिसत होतं हे ठरवू नका.

हेतूकडे येऊ. १९५६ मध्ये, कवी डब्ल्यू. एच. ऑडेनच्या परीक्षणावर लिहिलेल्या टिपणात टोल्कीन म्हणतो की निखळ दुष्टपणा असं काही असतं असं त्याला वाटत नाही. सॉरॉन त्याच्या सर्वांत जवळ पोचलेला, पण सुरुवात इतर हुकूमशहांसारखीच बरी: सगळं आपल्या शहाणपणाने नीट लावायचं, आणि सुरुवातीला त्यात इतरांच्या भल्याचाही विचार. १९९३ मध्ये ख्रिस्तोफर टोल्कीनने संपादित केलेल्या 'मॉर्गॉथ्स रिंग'मधली टिपणं आणखी पुढे जातात. सॉरॉनचा जुना धनी मॉर्गॉथ याला सगळं उद्ध्वस्त करायचं होतं. सॉरॉनला गोंधळ, वेळकाढूपणा, निरर्थक घर्षण सहन होत नव्हतं. त्याला व्यवस्था हवी होती. व्यवस्था हे आधी साधन होतं, मग त्याची स्वतःची इच्छा हेच ध्येय झालं.

त्याच टिपणांत तुमच्या प्रश्नाला थेट भिडणारी गोष्ट आहे. सॉरॉनने बहुधा स्वतःची समजूत करून घेतली होती की निर्मात्याने हे जग वाऱ्यावर सोडलंय. पश्चिमेकडून आलेले गॅन्डाल्फसारखे दूत म्हणजे हरलेल्या सत्ताधीशांची जुनी वसाहत परत मिळवण्याची धडपड. त्यांचे हेतू आपल्यासारखेच आहेत, असं तो मनापासून मानत होता. आणि सारुमानने नेमकं तेच सिद्ध करून दाखवलं! पश्चिमेच्या दूतांपैकी एक खरंच सत्तेला भुललेला निघाला. गॅन्डाल्फ मात्र त्याला कळला नाही. म्हणजे त्याची चुकीची समजूत पुराव्याविना नव्हती. अर्ध्या पुराव्याने ती घट्ट झाली होती. व्यवस्थेसाठी सत्ता हवीच, आणि ती प्रत्येकाला हवी असतेच, हे एकदा धरलं की जगातला प्रत्येक सारुमान साक्षीदार होतो आणि प्रत्येक गॅन्डाल्फ ढोंगी दिसतो.

सारुमानबद्दल एक सावधगिरी. ऑर्थँकमध्ये तो गॅन्डाल्फला ज्ञान, सत्ता, सुव्यवस्था अशी उदात्त ध्येयं ऐकवतो, आणि ती त्याचा 'खरा हेतू' म्हणून उद्धृत होतात. पण भाषण जिंकायला केलेलं आहे. ते फसल्यावर लगेच तो आवाज उतरवतो आणि अंगठी आपल्या हाती आली तर, असं सुचवतो. दोन वाक्यांतलं हे अंतर हा खरा पुरावा. खलनायकाचं मोठं भाषण हाती आलं की आधी बघायचं की समोर कोण उभा आहे.

सगळ्याच चुका सॉरॉनसारख्या नसतात. काही वेळा माहितीच अपुरी असते. हॅरी पॉटर मालिकेत खलनायक व्हॉल्डेमॉर्टने स्वतःच्या पाडावाच्या भविष्यवाणीचा अर्धाच भाग ऐकलेला असतो. त्याला अहंकाराची चूक म्हणणं अन्यायाचं आहे. काही वेळा दिसतं ते खरं असतं, निष्कर्ष खोटा असतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला गोंडॉर राज्याचा कारभारी डेनेथॉर खलनायक नव्हे, पण हे समजून घ्यायला तोच उत्तम: त्याच्याजवळच्या तशाच पाहण्याच्या दगडात त्याला काळ्या शिडांचं शत्रूचं आरमार येताना दिसतं, ते खरंच येत असतं, फक्त त्यावर आता अ‍ॅरागॉर्न आहे हे दिसत नाही. आणि काही वेळा माहिती समोर असून तिरस्कारामुळे वाचली जात नाही. व्हॉल्डेमॉर्ट क्रीचर नावाच्या घरगुती एल्फला गुहेत मरायला सोडतो. एल्फांची जादू वेगळी चालते आणि तो तिथून निसटू शकतो, हा विचार त्याला शिवत नाही, कारण नोकराकडे कधी बघितलेलंच नसतं. एल्डर वँड या सर्वांत बलाढ्य कांडीचंही तसंच. कांडीची मालकी मारूनच मिळते असं धरून तो, तिचा आधीचा मालक डम्बलडोर याला मारणाऱ्या स्नेपला मारतो. प्रत्यक्षात नुसतं निःशस्त्र करणं पुरलेलं होतं: आधी ड्रेकोने डम्बलडोरला, मग हॅरीने ड्रेकोला. खून हेच ज्याचं साधन, त्याला नियमही खुनाचाच दिसतो. महाकाव्यातला रावणही देव, दानव, यक्ष यांच्यापासून अभय मागतो आणि माणसांना गवताच्या काडीसारखं समजून यादीतून वगळतो.

आता मूळ शंका, हा कथेतला दोष का? मी तीन गोष्टी तपासतो. चूक घडण्याआधी त्या समजुतीची बीजं पुस्तकात पेरली आहेत का. तीच समजूत खलनायकाला आणखी कुठे फायद्याची ठरली आहे का. कधीच उपयोगी न पडलेली समजूत हुशार पात्र बाळगत नाही. आणि चूक दुरुस्त करण्याची संधी त्याने नाकारली ती स्वतःच्या स्वभावामुळे, की लेखकाने त्याला त्या दिवशी खोलीबाहेर पाठवलं म्हणून. सॉरॉन तिन्हींत उतरतो: बीज एल्रॉन्डच्या सभेत आहे, सत्तेच्या हव्यासाचं तेच माप लावून त्याने सारुमानला जिंकलंय, आणि १७ मार्चच्या वस्तू त्याने स्वतःच चुकीच्या वाचल्या. दुसऱ्या कसोटीवर बरेच लोकप्रिय खलनायक आपटतात. शेवटच्या पन्नास पानांत अचानक गाफील होणारा, आधी कधीच तसा नसलेला खलनायक दिसला तर दोष लेखकाचा म्हणायला हरकत नाही.

अभ्यास म्हणून हे करून बघायचं असेल तर डेनेथॉरपासून सुरू करा, सॉरॉनपासून नको. त्याचा तक्ता एका पानात बसतो, तो स्वतः बोलतो, आणि त्याला कळलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खरी आहे. त्याच्या रकान्यांत 'काय दिसलं' आणि 'काय मानलं' यांच्यामधली रेघ नीट ओढता आली, की मग काळ्या दाराकडे वळा.